दारामागची शीट

आमच्या घराचं छत माझ्यामुळं पडलं. अख्खं नाही, एका कोपऱ्यातलंच. पण ज्याच्या अंगावर पडलं त्याला जाऊन विचारा अख्खं काय आणि अर्धं काय. माझ्या बापाचा उजवा हात त्यात गेला. भेटायला येणारे म्हणायचे, नशीब बाई, पाऊस तरी केवढा झाला यंदा. मी मान हलवायची. पावसाचं काहीही चुकलं नव्हतं. तो दरवर्षी येतो तसा आला होता. मी शिडी चढले नव्हते.

घर दापोडीत, रेल्वेच्या कडेच्या गल्लीत. दहा बाय बाराची एक खोली, तिच्या मागं चिंचोळं स्वैपाकघर, वर स्लॅब. पप्पा कंपनीत मेंटेनन्सला होते, फिटर. तीस वर्षं त्यांनी मशिनं बिघडायच्या आधी उघडली, पुसली, तेल घातलं आणि बंद केली. मशीन बंद पडल्यावर पाना घेऊन धावणारा माणूस त्यांच्या लेखी मेंटेनन्सवाला नव्हताच. तहान लागल्यावर विहीर खणणारे, म्हणायचे अशांना, आणि पुढं एक शिवी घालायचे, ती इथं लिहीत नाही. जुने पत्रे काढून घरावर स्लॅब टाकला तेव्हा गल्लीनं पेढे मागितले. पप्पांनी पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात पट्टी घेऊन शीट आखायला बसले.

कंपनीत प्रत्येक मशीनला एक शीट टांगलेली असते, तशीच घराला. डावीकडं कामं, पुढं ‘केलं’चा रकाना, त्याच्या पुढं ‘तपासलं’चा, शेवटी तारीख. जाड पुठ्ठ्यावर चिकटवून दारामागच्या खिळ्याला अडकवली. दार उघडं असलं की दिसायची नाही, लावलं की समोर. गच्ची झाडायची. पाणी जायच्या भोकावरची जाळी काढून आतला गाळ उपसायचा, कारण साचलेलं पाणी गप बसत नाही, वाट शोधतं. कठडा आणि स्लॅब जिथं मिळतात त्या सांध्यावरून बोट फिरवायचं, चीर लागली तर खरवडून सिमेंट भरायचं. टाकीखालची ओल बघायची. आणि मध्येच, त्यांच्या गोल अक्षरात, एक काम होतं: रोप काढणे, मुळासकट, जिवंत.

रोप म्हणजे पिंपळ. कावळे-चिमण्या बी टाकून जातात आणि सांध्यात बोटभर रोपटं उभं राहतं, दरवर्षी एक तरी. आम्ही बौद्ध. पिंपळ आमच्यात उपटून फेकत नाहीत. पप्पा तो सांधा आधी भिजवायचे, मग बारीक स्क्रूड्रायव्हरनं तासभर कोरत बसायचे आणि अख्खं मूळ धाग्यासारखं ओढून काढायचे. रंगाच्या रिकाम्या डब्यात लावायचे, जरा मोठं झालं की विहारात नेऊन द्यायचे. त्यातला एक आज विहारामागं सावली देतोय, एक रेल्वेच्या भिंतीला. लोकांना वाटायचं, माणूस काय श्रद्धाळू. श्रद्धा होतीच, पण मला त्यांनी वेगळंच सांगितलं होतं. पिंपळ तोडला तर मूळ आत राहतं आणि पुन्हा फुटतं, पहिल्यापेक्षा जोरात. म्हणून जिवंत काढायचा. त्यांचा धर्म आणि त्यांचं मेंटेनन्स एकाच पान्यानं आवळलेलं होतं.

दिवस ठरलेला. बुद्धपौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. सकाळी वरची सगळी कामं, मग भोकात चिंधी कोंबून गच्चीत पाणी भरायचं, पोटरीच्या खाली येईल इतकं. चोवीस तास ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पप्पा खोलीत स्टुलावर चढायचे, डाव्या हातानं कपाटाची वरची कड धरायचे आणि उजवा तळवा छताला लावून इंच-इंच सरकवायचे. डोळ्याला ओल उशिरा दिसते, हाताला आधी कळते. खाली आई स्टूल धरून. सगळं कोरडं लागलं की खाली उतरून हात पुसायचे आणि ‘तपासलं’मध्ये सही करायचे. करताना दरवर्षी कुरकुरायचे, की करणारा आणि तपासणारा एकच, हे काही बरोबर नाही, ऑडिटला असलं चालत नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. स्टूल जमायचं, कसंबसं. शिडी बंद. मग घराचं छत माझ्याकडं आलं.

मी चाकणला आहे, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटीला. पेटीतून पाच नग काढायचे, मोजायचे, ओके मारायचा. दुसऱ्यांनी भरलेल्या शीट तपासायच्या, रकाना मोकळा दिसला की त्यावर बोट ठेवायचं आणि त्या माणसाला बोलवायचं. सुपरवायझर म्हणतो, हिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही.

पहिल्या वर्षी मी सगळं नीट केलं. पप्पा गल्लीत शिडीच्या पायाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते आणि वर बघून ओरडत होते, सांध्यावर बोट फिरव, डोळे नको फिरवू. माझ्याकडून एक पिंपळ मधेच तुटला. त्यांनी पुन्हा वर पाठवलं आणि उरलेलं मूळ काढल्याशिवाय उतरू दिलं नाही. उन्हानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती, मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले ते माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी छत चाचपलं आणि मोठ्या खुशीत सही केली. म्हणाले, आता शीट खरी झाली, करणारी वेगळी आणि तपासणारा वेगळा.

पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या तोंडावर कंपनीत ऑडिट आलं. ऑडिट आलं म्हणजे काय होतं ते आत काम करणाऱ्यालाच कळतं. सहा-सहा महिन्यांच्या शीट मोकळ्या पडलेल्या असतात. मग चार-पाच जण कँटीनमध्ये बसतात आणि मागच्या तारखा घालून भरतात. एकाच पेनानं भरल्या तर पकडलं जातं, म्हणून तीन पेनं लागतात, त्यातलं एक जरा सुकलेलं. दोन-चार कागदांना तेलाचा अंगठा लावायचा, म्हणजे वापरल्यासारखे दिसतात. हसू नका, ही कला आहे, आणि मला ती फार छान येते. तेव्हा दहा दिवस मी तेच केलं होतं, ओव्हरटाइम करून.

तो रविवार आला तेव्हा पप्पा आणि आई एका नातेवाइकाच्या लग्नाला बार्शीकडं गेले होते. जाताना पप्पा सांगून गेले, शिडी लाव, शेजारच्याला धरायला सांग, घाई करू नको. मीही सकाळी ओव्हरटाइमला गेले, कंपनीच्या बसनं दुपारी नाशिक फाट्याला सोडलं, तिथून घरी आले. पाय सुजलेले. गल्लीत शिडी आडवी पडली होती, हात लावला तर चटका बसला. मी घरात गेले, पंख्याखाली पडले, आणि थोड्या वेळानं उठून दार लावलं, शीट काढली, सगळ्या कामांपुढं बरोबरच्या खुणा केल्या. सवयीनं दोन पेनं वापरली. घरच्या शीटला.

पप्पा मंगळवारी आले. मी सांगितलं, सगळं झालं, पाणीही भरलं होतं, काल सोडून दिलं. ते बरं म्हणाले. मला वाटलं, सुटले. एक वर्ष नाही बघितलं म्हणून काय आभाळ कोसळतं का, असं मी स्वतःला सांगितलं, आणि खरंच त्या वर्षी काही झालं नाही. फक्त पावसाळ्यात आईच्या खाटेच्या वर ताटलीएवढा डाग आला. दिवाळीपर्यंत तो वाळला.

त्याच्या पुढच्या वर्षी मला लग्नाचं निमित्तही लागलं नाही. दोघं विहारात कार्यक्रमाला गेले होते, तासाभरात येणार होते. तेवढ्यात मी खुणा करून मोकळी झाले. पाणी का नाही भरलं, असं पप्पांनी विचारल्यावर मी म्हणाले, टँकर आलाय, टंचाई आहे, उगाच कशाला नासायचं. टंचाई होतीही. खरं बोलून खोटं झाकायची सोयसुद्धा मला त्या वर्षी मिळाली.

एव्हाना पिंपळ गल्लीतून दिसायला लागला होता. कठड्याच्या वर चांगली हातभर फांदी, कोवळी तांबूस पानं. आई सकाळी पाणी भरायला बाहेर पडली की वर बघून हात जोडायची. शेजारणीला सांगायची, आमच्या घरावर बोधिवृक्ष आपण होऊन आलाय. शीटवर तर लिहिलेलं होतं, रोप काढलं. मीही तो रोज बघत होते. बस पकडायला निघाले की मान खाली घालून निघायचे, आणि तरी दिसायचा.

त्या पावसाळ्यात डाग ताटलीचा परातीएवढा झाला आणि फुगला. एकदा मी स्वैपाकघरात भाकऱ्या थापत होते, तेव्हा पप्पांनी काठीच्या टोकानं छत ठोकलेलं ऐकलं. भरीव प्लास्टर ठण्ण वाजतं. तिथं ढब ढब वाजलं. मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगणारा माणूस, त्याला काय कळायचं राहिलं होतं? मी भाकरी थापत राहिले.

दोन दिवसांनी मी सेकंड शिफ्टवरून आले तर खाटांची अदलाबदल झालेली. आईची खाट दाराकडं, पप्पांची तिकडं, डागाखाली. आईनं विचारलं होतं, तर म्हणाले, मला या कोपऱ्यात वारं लागतं. पंखा दाराच्या बाजूला आहे आमचा. त्या कोपऱ्यात वारं कधीच येत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दोन खाटा आणि कपाट, कोपरा मोकळा ठेवायला जागा कुठून आणायची? कुणीतरी तिथं झोपणारच होतं. मी ताट वाढून घेतलं, जेवले, आणि स्वैपाकघरात माझं अंथरूण घातलं.

पडलं ते रविवारी सकाळी. पाच दिवस झड लागली होती. मी पोहे भिजवत होते, आई बाहेर बादली लावत होती, पप्पा खाटेवर आडवे होऊन पेपर वाचत होते. धप्प असा आवाज झाला, फार मोठा नाही, पिठाचं पोतं टाकल्यावर होतो तेवढा. धावत आले तर खोलीत पांढरा धुरळा आणि खाटेवर पाटाएवढा जाड तुकडा, त्याला चिकटलेले गंजाचे पापुद्रे. वर उघडी पडलेली सळई. पप्पांनी उजव्या हातानं डोकं झाकलं होतं, म्हणजे करकरलं ते त्यांना आधी ऐकू आलं होतं. हात कोपरात चेंगरला होता. तोंडातून आवाज नव्हता, फक्त धुरळ्यात डोळे उघडझाप करत होते.

डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, नस जुळायची नाही. तसंच झालं. हात आहे, खांद्याला लटकतो, बोटं हलत नाहीत.

छत पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांचे कपडे न्यायला घरी आले. खोली झाडायची म्हणून दार लावलं, तर समोर शीट. धुळीनं पांढरी झालेली. मला ती फाडूनच टाकायची होती. ओढणीनं पुसली आणि मग दिसलं.

पहिल्या वर्षीची त्यांची सही होती. त्याच्या आधीच्या सगळ्या वर्षांच्या सह्या होत्या. माझ्या खोट्या दोन वर्षांपुढं ‘तपासलं’चा रकाना मोकळा होता. दोन्ही वर्षी. दोन वर्षं तो मोकळा रकाना दारामागं टांगलेला होता, मी रोज ते दार लावत होते, आणि दुसऱ्या वर्षी तर त्याच्या शेजारी बसून पुन्हा खुणा केल्या होत्या. चाकणला दिवसाला शंभर शीटवर बोट ठेवणारी मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दवाखान्यात त्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का.

“पिंपळ गल्लीतून दिसतो,” ते म्हणाले.

मग बोलला का नाहीत, म्हटलं. माझा आवाज चढला होता, शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला. पप्पांनी छताकडं बघितलं.

“तोंडानं म्हटलं असतं तर तुला खोटी म्हणावं लागलं असतं. वाटलं, मोकळा रकाना दिसेल तुला. तुझं कामच आहे ते.”

मला त्यांचा राग आला, आणि अजून येतो, खरं सांगते. एवढं सगळं कळत होतं तर एक गवंडी बोलवायचा होता, मला दोन थोबाडीत मारायच्या होत्या, काहीही करायचं होतं. खाट कसली हलवता? मी हे सगळं बोलले. ते म्हणाले, पावसाळा संपला की बोलावणार होतो, अजून एक पावसाळा निघेल असा माझा अंदाज होता, चुकला. आपला अंदाज चुकला असं ते म्हणाल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

गवंडी आला, वर जाऊन आला, आणि म्हणाला, सांधा भरून देतो, कोपरा फोडून नवा करतो, पण पिंपळाला मी हत्यार लावणार न्हाई, दुसरा कुणीबी लावणार न्हाई. तो मावळातला, माळकरी. त्याच्याकडं त्याचं कारण, आमच्याकडं आमचं. मग मी चढले. पिंपळ माझ्या कमरेला लागत होता. सांधा भिजवला, स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले, दोन तास कोरलं. अंगठ्याएवढं जाड मूळ आत उतरून सळईच्या कडेकडेनं पार आईच्या जुन्या खाटेच्या वरपर्यंत गेलं होतं. ते जिवंत निघणं शक्यच नव्हतं. पप्पांची हॅकसॉ घेऊन मी तो कापला. खाली गल्लीत आई उभी होती, वर बघत. कापलेली फांदी मी खाली आणली तर तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्यानंतर मी शहाणी झाले असं कुणाला वाटत असेल तर तसंही नाही. कंपनीत ऑडिट येतं, आम्ही कँटीनमध्ये बसतो, मी पेन उचलते. हात थोडा वेळ थांबतो, मग चालायला लागतो. घराचं तेवढं चुकवत नाही.

यंदा शीट नवी आखली, मीच, कारण पप्पांना आखता येत नाही. कामं त्यांच्याच शब्दांत उतरवली. बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी सुट्टी टाकली. गच्ची झाडली, जाळी धुतली, सांध्यावरून दोनदा बोट फिरवलं. आत राहिलेल्या मुळातून दोन पानं फुटलीच होती, ती तास घालवून काढली, निघालं तेवढं मूळ डब्यात लावलं. पाणी भरलं. सोमवारी चोवीस तास झाल्यावर ‘केलं’च्या रकान्यात एकाच पेनानं खुणा केल्या आणि शीट पप्पांपुढं ठेवली. पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. डाव्या हातानं ते आता सही करतात, बँकेत चालते.

त्यांनी शीट वरून खालपर्यंत वाचली आणि पेन खाली ठेवलं.

“स्टुलावर एक हात धरायला लागतो आणि एक बघायला. माझ्याकडं एकच आहे. न बघता सही कशी करू?”

मी म्हटलं, “मी धरते ना तुम्हाला.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग छताकडं बघितलं, नव्या कोपऱ्याकडं. आई चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी कप घेतला, आणि शीट माझ्याकडं सरकवली.

मी ती दारामागं खिळ्याला अडकवली. दार लावलं की समोरच दिसते, आणि यंदाचाही रकाना मोकळा आहे.